अभेद्य संदेशवहन आणि न वाचलेला ठसा

24 मार्च 2023, शुक्रवार. गुढीपाडवा आणि उगादी होऊन दोनच दिवस झाले होते. सकाळी साडेदहाच्या सुमारास, म्हणजे सर्जापूर रोडवर इब्लूरच्या सिग्नलपासून दोड्डकन्नेल्लीपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात नेमक्या त्या वेळी, गिटहबने आपली आरएसए प्रकारची होस्ट-की बदलली. कारण त्यांनी स्वतःच जाहीर केले होते. त्या किल्लीचा खासगी भाग गिटहबवरच्याच एका सार्वजनिक रिपॉझिटरीत काही काळ उघडा पडला होता. गैरवापराचा पुरावा नाही, पण सावधगिरी म्हणून बदल केला, असे त्यांचे निवेदन होते. ज्यांच्या संगणकात ती जुनी किल्ली नोंदलेली होती, त्यांच्या पडद्यावर पुढच्या जोडणीच्या वेळी तो सुपरिचित, मोठ्या अक्षरांतला इशारा उमटला: पलीकडच्या यंत्राची ओळख बदलली आहे, कोणी तरी काही तरी वाईट करत असण्याची शक्यता आहे.

मी याच रस्त्यावर राहतो आणि काम करतो. त्या सकाळी आमच्या गटात काय घडले ते सांगतो. काही मिनिटांत एक ओळ फिरू लागली. जुनी नोंद काढा, पुन्हा जोडा, विचारले तर ‘येस’ म्हणा. दहा जणांनी ती ओळ चालवली, दहा जणांचे काम सुरू झाले, आणि दहा जणांनी अंगठा वर केला. गिटहबने नव्या किल्लीचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट, आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केला होता. तो पडद्यावरच्या ठशाशी ताडून पाहिला का, असे मी विचारले तेव्हा उत्तरादाखल एक हसरा चेहरा आला. एका हुशार सहकाऱ्याने तर कीस्कॅन नावाच्या आज्ञेने नवी किल्ली थेट त्याच जोडणीवरून ओढून घेतली आणि नोंदवून टाकली. दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला ‘तुम्ही घरमालकच ना?’ असे विचारून त्याच्या होकारावर घर त्याच्या स्वाधीन करावे, तसलाच हा प्रकार.

बरोबर सव्वीस दिवसांनी, 19 एप्रिल 2023 रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली. 6003.65 कोटी रुपये, 2030-31 पर्यंतची मुदत, आणि उद्दिष्टांमध्ये दोन हजार किलोमीटर अंतरापर्यंतचे सुरक्षित क्वांटम संदेशवहन. वृत्तपत्रांनी ती बातमी घेतली आणि ती घ्यायलाच हवी होती. त्या अभियानाविषयी मला आदर आहे. माझे भांडण त्या बातम्यांमधल्या एका शब्दाशी आहे. ‘अभेद्य’ हा तो शब्द. ज्या देशातील विज्ञानाचे विद्यार्थी पलीकडचे यंत्र कोणते आहे हे न पाहता ‘येस’ टंकतात, आणि ज्या देशातील संस्था त्यांना तसेच शिकवतात, तिथे हा शब्द छापणाऱ्याने आधी एक प्रश्न विचारायला हवा होता. संदेश अभेद्य असेलही, पण तो जातो कोणाकडे?

हा प्रश्न क्षुल्लक देखभालीचा आहे, विज्ञानाचा नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांच्याशीच मला वाद घालायचा आहे.

आधी वस्तुस्थिती नीट समजून घेऊ. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील तातू युलेनन यांनी एसएसएच लिहिले, ते विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्याच्या प्रसंगानंतर. त्याआधी दूरच्या संगणकावर प्रवेश करताना पासवर्ड तारेवरून उघडा जात असे. एसएसएचने तो झाकला. पण झाकणे हे अर्धेच काम होते. पाकीट घट्ट चिकटवून भलत्याच माणसाच्या हाती दिले तर चिकटवण्याला काय अर्थ? म्हणून प्रत्येक सर्व्हरला स्वतःची एक किल्ल्यांची जोडी असते. खासगी किल्ली त्या यंत्राच्या एका फाइलमध्ये राहते आणि ती फक्त रूटला वाचता येते. सार्वजनिक किल्ली मागेल त्याला मिळते. जोडणी होताना दोन्ही बाजू मिळून त्या सत्रापुरते एक गुपित तयार करतात आणि सर्व्हर त्या देवाणघेवाणीवर आपल्या खासगी किल्लीने सही करतो. होस्ट-कीचे काम एवढेच, सही करण्याचे. तिने मजकूर झाकला जात नाही.

या भेदाकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण त्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली दिलासा देणारी आहे. होस्ट-की चोरीला गेली म्हणून कालपर्यंतची सत्रे उलगडत नाहीत, कारण त्यांचे गुपित दर वेळी नवे होते आणि ते नष्ट झालेले असते. दुसरी गोष्ट तितकीच अस्वस्थ करणारी. चोराला इथून पुढे त्या सर्व्हरचे सोंग घेता येते, आणि ते सोंग गणिताच्या दृष्टीने निर्दोष असते. जोडणीच्या वाटेवर तो बसू शकला, तर तुमच्या संगणकाला कसलाही बदल दिसणार नाही, इशारा येणार नाही. तुम्ही पासवर्डने प्रवेश करत असाल तर तो पासवर्ड त्याच्या हाती जाईल. तुम्ही स्वतःच्या किल्लीने प्रवेश करत असाल तर ती सही त्याला खऱ्या सर्व्हरवर वापरता येणार नाही, एवढे संरक्षण त्या रचनेत आहे. पण तुम्ही मोठ्या विश्वासाने त्याच्याकडे जे काही पाठवाल, ते मात्र त्याचेच.

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी नसावी. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला. कोकणातील अनेकांनी त्याला भाऊ म्हणून मान्य केले, किल्ले त्याच्या हाती गेले, आणि 1776 साली पुण्यात त्याला देहदंड होईपर्यंत पेशवाईला त्याने घोर लावला. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटक लिहिले. त्या काळच्या कारभाऱ्यांना ओळखीचे महत्त्व ठाऊक होते; पत्रावर आरंभी शिक्का आणि शेवटी मोर्तब लागल्याशिवाय ते पुरे होत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही रोज वापरतो, फक्त शिक्का पाहण्याची तसदी घेत नाही.

आता मूळ दुखण्याकडे वळतो. प्रथम जोडणीच्या वेळी तुमचा संगणक विचारतो की या यंत्राचा ठसा असा आहे, पुढे जायचे का? एसएचए-256 पद्धतीचा हा ठसा त्रेचाळीस अक्षरांचा असतो. इथे बहुतेक सर्व जण न वाचता ‘येस’ टंकतात. पहिल्या भेटीत विश्वास ठेवा आणि पुढे तोच माणूस आहे ना एवढे पाहा, या तत्त्वावर सारा डोलारा उभा आहे. एसएसएचची रचना सांगणारे 2006 चे प्रमाणपत्रक वाचले तर त्यातच या सवलतीबद्दल स्पष्ट कबुली सापडते: अशी जोडणी मधल्या घुसखोरापुढे दुबळी आहे, सहसा ती आपोआप होऊ देऊ नये, पण किल्ल्यांची सर्वदूर व्यवस्था अजून नसल्यामुळे संक्रमणकाळात ही सोय उपयोगी पडेल. संक्रमणकाळ! आपल्याकडे तात्पुरता म्हणून बांधलेला पत्रा जसा दोन पिढ्या टिकतो, तसा हा संक्रमणकाळ टिकला आहे. त्या प्रमाणपत्रकाच्या जन्मवर्षी जन्मलेली मुले आज महाविद्यालयात बसून तोच ‘येस’ टंकत आहेत.

तरीही पहिल्या भेटीवरचा हा विश्वास अगदीच टाकाऊ नाही, हे मान्य करायला हवे. पहिली भेट सुरक्षित झाली असेल, तर पुढच्या प्रत्येक भेटीत ती नोंद पहारा देते. मात्र एका अटीवर. किल्ली बदलल्याचा इशारा येईल तेव्हा तो दुर्मिळ असला पाहिजे, आणि त्याचे कारण विचारण्याची जागा असली पाहिजे. नेमकी ही अट आपल्या संस्था मोडतात, आणि दोन परस्परविरुद्ध मार्गांनी मोडतात. काही जण किल्ली बदलायला हवी तेव्हा बदलत नाहीत. इतर काही जण ती वाटेल तेव्हा बदलतात आणि कोणाला सांगत नाहीत.

पहिल्या वर्गाचे उदाहरण मी जवळून पाहिले आहे. संस्थेचे नाव सांगत नाही. एका यंत्रावर लिनक्स नीट बसवले, सर्व सॉफ्टवेअर घातले आणि मग त्या डिस्कची प्रतिकृती काढून अकरा सर्व्हर उभे केले. वेळ वाचला, कौतुक झाले. पण प्रतिकृतीबरोबर होस्ट-कीही अकरा ठिकाणी गेली. अकरा घरांना एकच कुलूप, आणि त्यातले एक घर विद्यार्थ्यांच्या सरावासाठी, जिथे रूटचा पासवर्ड फळ्यावर लिहिलेला! सरावाच्या यंत्रावर रूट असलेला कोणीही उरलेल्या दहा यंत्रांचे सोंग घेऊ शकत होता. दीड वर्ष हे असेच चालले. कोणाच्या लक्षात आले नाही, कारण सगळे ‘चालत’ होते. सुरक्षेतले दोष बहुधा असेच असतात, त्यांनी काम अडत नाही.

हा आळस काही आपलाच नाही. 2015 साली एसईसी कन्सल्ट या संस्थेने सत्तरहून अधिक उत्पादकांच्या चार हजारांवर उपकरणांची सॉफ्टवेअरे उलगडून पाहिली आणि त्यांत कारखान्यातूनच भरलेल्या 580 हून अधिक वेगवेगळ्या खासगी किल्ल्या त्यांना सापडल्या. एकच किल्ली हजारो घरांच्या राउटरांत. त्याआधी 2012 मध्ये नादिया हेनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साऱ्या इंटरनेटवरील सार्वजनिक किल्ल्या गोळा करून त्यांचे गणित मांडले होते. काही आरएसए किल्ल्यांमध्ये एक अविभाज्य अवयव सामायिक होता. शाळेत शिकवतात तो मसावि काढला की दोन्ही फुटतात. त्यातून 0.03 टक्के एसएसएच सर्व्हरांच्या आरएसए खासगी किल्ल्या त्यांच्या हाती आल्या, आणि सही करतानाच्या यादृच्छिकतेच्या अभावामुळे आणखी 1.03 टक्के सर्व्हरांच्या डीएसए किल्ल्या. दोष गणिताचा नव्हता. नुकते सुरू झालेले, कळफलक नाही, माउस नाही असे छोटे उपकरण पुरेशी यादृच्छिकता गोळा होण्यापूर्वीच किल्ली बनवायला बसते, आणि मग शेजारच्या उपकरणानेही तोच आकडा ‘निवडलेला’ असतो. मसाविचा एवढा सुंदर आणि भीतीदायक उपयोग आपल्या किती गणिताच्या वर्गांत सांगितला जातो?

सर्वांत बोधप्रद प्रकरण मात्र 2008 चे. डेबियनच्या एका देखभालकाराने 2006 मध्ये ओपनएसएसएलच्या संहितेतील एक ओळ काढली, कारण तपासणीचे साधन तिच्यावर बोट ठेवत होते. त्या ओळीबरोबर जवळजवळ सारी यादृच्छिकता गेली. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्लीसाठी जास्तीत जास्त 32,768 शक्यता. इतक्या किल्ल्या आधीच तयार करून एका पेनड्राइव्हवर मावतात. लुचियानो बेयो यांनी हा दोष शोधला आणि 13 मे 2008 रोजी तो जाहीर झाला. डेबियन आणि उबुंटूवर मधल्या काळात जन्मलेली प्रत्येक किल्ली संशयित ठरली. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्याने यंत्र बरे झाले, पण आधी जन्मलेली किल्ली बरी झाली नाही, तिला फेकून नवीच बनवावी लागली. कालची किल्ली कालच्या यादृच्छिकतेचे ऋण घेऊन आलेली असते, ते आजच्या अद्ययावतीकरणाने फिटत नाही. ‘आम्ही वेळेवर अपडेट करतो’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्या प्रत्येक संगणक-विभागाने हे वाक्य पुन्हा वाचावे.

मग किल्ली बदलायची कशी? काम पाच मिनिटांचे आहे, आणि म्हणूनच त्यात घाई होते. आधी एक प्रवेश केलेले सत्र उघडे ठेवा. सेवा पुन्हा सुरू केली तरी चालू सत्र तुटत नाही, आणि काही बिघडलेच तर तीच परतीची वाट असते. ईटीसी निर्देशिकेतील एसएसएच या फोल्डरमध्ये होस्ट-कीच्या फाइली असतात, त्या तिथून हलवा. एसएसएच-कीजेन या आज्ञेला मोठ्या ‘ए’चा पर्याय दिला की ज्या प्रकारच्या किल्ल्या नसतील त्या ती तयार करते. ‘नसतील त्या’ हे शब्द महत्त्वाचे. जुन्या फाइली जागेवरच राहिल्या तर आज्ञा निमूटपणे संपते, काहीच बदललेले नसते, आणि आपण किल्ली बदलली या समाधानात माणूस घरी जातो. असे मी दोनदा पाहिले आहे. डेबियन आणि उबुंटूवर पॅकेजची पुनर्रचना केली तरी हेच साधते. रेड हॅटच्या घराण्यात सेवा सुरू होताना नसलेल्या किल्ल्या आपोआप बनतात. त्यानंतर संरचना तपासून घ्यावी, सेवा पुन्हा सुरू करावी, आणि दुसऱ्या खिडकीतून प्रवेश करून पाहावा. हे सारे त्याच यंत्रावर करायचे. दुसरीकडे बनवलेली किल्ली आणून ठेवायची नाही, कारण मग ती दोन ठिकाणी राहून गेलेली असते. प्रतिकृती काढायची असेल तर साच्यातून किल्ल्या आधीच काढून टाकाव्यात, म्हणजे प्रत्येक प्रत जन्मल्यावर स्वतःची किल्ली स्वतः बनवेल. मेघसेवांमधील क्लाउड-इनिट हेच करते. आपल्या प्रयोगशाळेतला हाताने काढलेला साचा ते करत नाही.

इथपर्यंतचे सारे काही कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळते. पण त्या मार्गदर्शिका इथेच थांबतात, आणि माझ्या मते खरे काम इथून सुरू होते. नवी किल्ली बनली, आता जगाला ती खरी आहे हे कळणार कसे? सर्व्हरसमोर बसून, त्याच्या स्वतःच्या पडद्यावर ठसा काढला पाहिजे आणि तो एसएसएचच्या वाटेने नव्हे तर वेगळ्याच वाटेने वापरकर्त्यांपर्यंत पोचला पाहिजे. संस्थेच्या सुरक्षित संकेतस्थळावर, विभागाच्या फलकावर, दूरध्वनीवर, नाहीतर सही केलेल्या डीएनएस-नोंदीत. त्यासाठीच्या नोंदीचे प्रमाणही 2006 पासून उपलब्ध आहे. मोठ्या संस्थांना यजमान-प्रमाणपत्रांची सोय आहे, 2010 पासून. एका प्रमाणक किल्लीवर विश्वास ठेवला की तिने सही केलेली सर्व यंत्रे ओळखली जातात आणि ‘येस’चा प्रश्नच उरत नाही. शेकडो नोड असलेल्या समूहासाठी याहून सरळ मार्ग नाही. साधने पंधरा-वीस वर्षे तयार आहेत. कमतरता दुसऱ्याच कशाची तरी आहे.

दुसऱ्या वर्गातले लोक मला पहिल्यांपेक्षा अधिक घातक वाटतात. यांना कोणी तरी सांगितलेले असते की किल्ल्या अधूनमधून बदलाव्यात, म्हणून ते दर सहा महिन्यांनी बदलतात, किंवा यंत्र नव्याने बसवताना सहज बदलून जातात, आणि सोबत एक पत्र पाठवतात: ‘इशारा आल्यास घाबरू नये, जुनी ओळ काढून पुन्हा जोडणी करावी.’ ठसा त्या पत्रात नसतो. या एका पत्राने काय घडते? दोनशे विद्यार्थ्यांना शिकवले जाते की तो लाल इशारा म्हणजे प्रशासकाची नेहमीची गडबड. घुसखोर प्रत्यक्षात येईल त्या दिवशी हेच दोनशे जण तीच ओळ काढतील आणि पुन्हा जोडणी करतील. लांडगा आल्याची हाक इथे लांडगाच देत नाही, तर राखणदार देतो! कारणाशिवाय किल्ली बदलणे ही काटेकोरपणाची खूण नाही. ज्या होस्ट-कीचा खासगी भाग कधी यंत्राबाहेर गेला नाही, जी चांगल्या यादृच्छिकतेतून जन्मली, तिला दर सहामाहीस मारण्याचे काही कारण मला दिसत नाही.

नियोजित बदलासाठी तर एक सभ्य रीतही उपलब्ध आहे. नवी किल्ली जुनीच्या शेजारी ठेवायची. ओळखीच्या जुन्या किल्लीच्या साक्षीने सर्व्हर आपल्या नव्या किल्ल्यांची माहिती देतो आणि वापरकर्त्याचा संगणक ती नोंदवून घेतो. ओपनएसएसएचमध्ये ही सोय 2015 पासून आहे, आणि 2021 पासून सामान्य मांडणीत ती आपोआप चालू असते. काही आठवड्यांनी जुनी काढली की कोणाला इशारा दिसतही नाही. पण जुनी किल्ली चोरीस गेली असेल तेव्हा ही रीत निरुपयोगी ठरते, कारण तिच्या साक्षीने चोरही स्वतःची नवी किल्ली पुढे करू शकतो. गळालेल्या किल्लीने आपल्या वारसाची ओळख करून द्यायची नसते. त्यासाठी दुसरी वाटच लागते, आणि गिटहबने त्या शुक्रवारी संकेतस्थळावर ठसा छापून तीच वापरली होती. त्यांची किल्ली उघडी पडणे ही चूक. त्यानंतरचे वागणे मात्र नमुनेदार. आम्ही सर्जापूर रोडवाल्यांनी त्या नमुन्याचे काय केले ते आरंभी सांगितलेच आहे.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. असे मधले घुसखोर प्रत्यक्षात असतात कुठे? विद्यापीठातील हल्ले तर चोरलेल्या पासवर्डांनी होतात. आक्षेप पोकळ नाही. मे 2020 मध्ये युरोपातील अनेक महासंगणक बंद ठेवावे लागले, एडिनबराचा आर्चर त्यांपैकी एक. तिथे वापरकर्त्यांची एसएसएच-ओळखपत्रे चोरीस गेली होती, होस्ट-कीचा तो दोष नव्हता. पण त्या घटनेने दाखवले की संशोधनाच्या यंत्रांना लक्ष्य करणारे लोक आहेत, एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत ते त्याच एसएसएचच्या वाटेने शिरतात, आणि एकदा एखाद्या सर्व्हरवर रूटपर्यंत पोचले की त्या यंत्राची खासगी किल्लीही त्यांच्या वाचनात येते. साफसफाई झाल्यावर सर्वांचे पासवर्ड बदलायचे आणि यंत्राची स्वतःची ओळख तीच ठेवायची, हे चोरी झालेल्या घराच्या खिडक्या बदलून मुख्य कुलूप तसेच ठेवण्यासारखे आहे. अशा प्रसंगी होस्ट-की बदलणे ऐच्छिक नाही.

आता पुन्हा त्या ‘अभेद्य’ शब्दाकडे येतो. फेब्रुवारी 2022 मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी प्रयागराज ते विंध्याचल, शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, क्वांटम किल्ली-वितरण करून दाखवले. उत्तम काम. पण त्या विषयाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेली एक गोष्ट बातम्यांत क्वचितच येते. बेनेट आणि ब्रासार यांच्या 1984 च्या पद्धतीपासूनच हे गृहीत आहे की फोटॉनांच्या वाटेशेजारी एक साधी वाट असते आणि त्या वाटेवर बोलणारा माणूस खराच तो आहे याची खात्री आधीच झालेली असते. ती खात्री फोटॉन देत नाही. ती द्यायला दोन्ही टोकांना आधीच वाटलेले एक छोटे गुपित किंवा सही लागते. म्हणजे मधला घुसखोर दोन्ही बाजूंना क्वांटम यंत्रे मांडून बसला आणि ओळख कोणी तपासलीच नाही, तर हाइजेनबर्ग मदतीला येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने या तंत्राच्या मर्यादा सांगताना पहिलाच मुद्दा हा मांडला आहे की पाठवणारा कोण याची शहानिशा हे तंत्र करत नाही.

तेव्हा एसएसएचच्या पडद्यावरचा तो प्रश्न आणि प्रयागराजच्या तारेवरचा प्रश्न हा एकच प्रश्न आहे. एक भाग्यवान विद्यार्थी उद्या राष्ट्रीय अभियानाच्या एखाद्या केंद्रात जाईल; क्वांटम संगणनाचे केंद्र तर इथेच, भारतीय विज्ञान संस्थेत आहे. तिथल्या समूहावर तो पहिल्या दिवशी एसएसएचने प्रवेश करील. ओपनएसएसएचने एप्रिल 2022 पासूनच गुपित ठरवण्याची क्रिया भावी क्वांटम संगणकाला पुरून उरेल अशी केली आहे, कारण आजचा संवाद साठवून उद्या फोडता येतो. होस्ट-कीची सही मात्र अजून सामान्यतः जुन्याच गणितावर चालते, आणि सध्या ते चालून जाते, कारण उद्या येणाऱ्या संगणकाला आजच्या भेटीत मागाहून घुसता येत नाही. पुढे तीही बदलावी लागेल. तेव्हा देशभरातील प्रत्येक सर्व्हरची होस्ट-की नव्याने बनवावी लागेल, प्रत्येक विद्यार्थ्याच्या पडद्यावर नवा ठसा येईल, आणि आपली सवय तीच राहिली तर सारा देश एका महिन्यात, न वाचता, ‘येस’ टंकेल. यासाठी कोणत्याही अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. फलकावर एक कागद लागतो.

विज्ञान-वार्ताहरांना म्हणूनच माझी विनंती आहे. 2022 मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत परम प्रवेगा सुरू झाला तेव्हा आपण 3.3 पेटाफ्लॉप्स हा आकडा मथळ्यात दिलात. पुढच्या परमच्या उद्घाटनाला जाल तेव्हा क्षमतेच्या आकड्यासोबत आणखी एक विचारा: या यंत्राचा ठसा कुठे प्रसिद्ध केला आहे? उत्तर मिळाले तर तेही छापा. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या संगणकाच्या त्या प्रश्नात ‘येस’ आणि ‘नो’ यांखेरीज तिसरा पर्याय 2019 पासून आहे. दुसऱ्या वाटेने मिळालेला ठसा तिथे चिकटवला की तुलना संगणकच करतो, डोळे शिणवावे लागत नाहीत. तो पर्याय पडद्यावर कंसात लिहिलेला असतो. बहुतेकांनी तो वाचलेला नसतो.

अकरा यंत्रांच्या त्या संस्थेत पुढे काय झाले ते सांगून थांबतो. साचा दुरुस्त झाला, प्रत्येक यंत्राने आपापली किल्ली बनवली, आणि प्रशासकबाईंनी अकरा ठसे मोठ्या टंकात छापून प्रयोगशाळेच्या दारावर लावले. खाली स्वतःचा अंतर्गत दूरध्वनी क्रमांक. पहिल्या आठवड्यात कोणाचाही फोन आला नाही. दुसऱ्या आठवड्यात एका एमएस्सीच्या मुलीचा आला, की मॅडम, सातव्या यंत्राचा ठसा जुळत नाही. दोघींनी एकेक अक्षर वाचायला घेतले. एकविसाव्या अक्षरापाशी घोडे अडले होते. कागदावर मोठा ‘आय’ होता आणि मुलीने तो छोटा ‘एल’ वाचला होता. बाईंनी त्याच दुपारी कागद वेगळ्या टंकात पुन्हा छापून लावला.